चि. बाळास, पाठदुखीविषयी

घोडेगाव, ता. आंबेगाव



मंचरच्या बाजारात तुझे मामा भेटले आणि तू हिंजवडीच्या नोकरीतून रजा घेऊन, कमरेला पट्टा बांधून अंथरुणाला खिळला आहेस, मणक्यात ‘गॅप’ निघाल्यामुळे आता शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही, असे वर्तमान त्यांनी भररस्त्यात सांगितले, तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

शस्त्रक्रियेचे सांगितले कोणी? डॉक्टरांनी, की शेजारच्या मेजावरील पंडितांनी? ज्यांची पाठ कधी दुखली नाही अशा कित्येकांच्या एमआरआयमध्येही मणक्यांची झीज दिसते. पायातली शक्ती जाऊ लागली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र हे पत्र बाजूला ठेवून तत्क्षणी इस्पितळ गाठ. तसे नसेल, तर हे निजून राहणेच घातक. एरवी दिवसभर खुर्चीत पोक काढून बसावे आणि दुखू लागताच आडवे व्हावे, यात पाठीला हालचाल मिळावी कधी?

डिंभ्याच्या वरच्या अंगाला भातलावणी करणाऱ्या बायकांची कंबर दुखत नाही, अशी शहरवासीयांची समजूत असते. दुखते, चांगलीच दुखते. पण गुडघाभर चिखलातही त्या घडीघडीला उभ्या राहतात, कमरेवर हात टेकून मागे झुकतात आणि मगच पुढची मूठ हाती घेतात. तूही अर्ध्या तासाने खुर्ची सोड, पाण्याच्या निमित्ताने चालून ये. सकाळी पालथे पडून, कोपरांवर भार देऊन छाती हळूच उचल, कंबर सैल सोड. कळ पायात उतरू लागली तर थांब. औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघर पोचविलेल्या सूर्यनमस्कारांविषयी मला नितांत आदर आहे, तथापि ऐन चमकेत ओणवे होण्याचा हट्ट तूर्त नको.

एकेकाळी मीही तुझ्यासारखाच मामलेदार कचेरीत जमाबंदीच्या दप्तरांवर मान मोडून बसलो असता सवंगडी लेण्याद्री चढावयास बोलावीत, आणि मी दरवेळी तुंबलेल्या कामाची सबब सांगे. आता त्यांतले फारसे कोणी उरले नाही, आणि शिवनेरीचा कडा मला मोटारीतूनच पाहावा लागतो.

रागावून लिहिले, मनास लावून घेऊ नकोस. रजा, पगार, घराचा हप्ता, सारे मला उमगते. शस्त्रक्रियेचे काही ठरण्यापूर्वी कळव. डॉक्टरांकडे मीही येतो. बसता येऊ लागले की चार दिवस इकडे ये, मंचरला उतरून पाय मोकळे कर. घोडेगावच्या स्थानकावर मी असेन, पिशवी माझ्याकडे दे. घरापर्यंत चालतच जाऊ, तुझ्या पावलाने. मला कसलीच घाई नाही.

तुझा,
काका