'माणसं'मधील हिशेब : अनिल अवचटांच्या रिपोर्ताजचा एक विशेष

अनिल अवचट (१९४४-२०२२) यांचे लेखन महाविद्यालयांत बहुधा 'सामाजिक आशयाचे गद्य' म्हणून शिकविले जाते. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत समस्यांची यादी लिहून मोकळा होतो. अशा वाचनात त्या लेखनाचे रूप निसटते. वैद्यकाची पदवी घेतलेले अवचट व्यवसायात न रमता मुक्त पत्रकारितेकडे वळले. बिहारमधील दारिद्र्याविषयीचे 'पूर्णिया' हे त्यांचे पहिले पुस्तक १९६९चे, तर 'माणसं' १९८०चे.

'माणसं'मध्ये हमाल, वैदू, निपाणीच्या वखारींतील तंबाखू कामगार स्त्रिया येतात. तेथे सत्तेचे दर्शन निषेधाच्या विशेषणांतून घडत नाही. कामाचे तास किती, मजुरी किती, माप कोणाच्या हाती, अशा साध्या विचारपुशीतून ते उलगडत जाते. हिशेब हे येथे माहितीचे साधन नसून निवेदनाचे तंत्रच आहे, असे माझे मत आहे.

नागभीडसारख्या ठिकाणी हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. निपाणी भागातला तंबाखू ज्या विडीत जातो, त्या विडीचे पान चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतूनही येते. भर उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या घरांतील मुलेमुली आपल्या वर्गांत असतात. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी. पान खराब म्हणून फळीवर पुडा बाजूला पडला की त्या दिवसाची मेहनतही त्याबरोबर जाते. या विद्यार्थ्यांना अवचटांचे अंकगणित चटकन कळते. (त्यांच्या शिक्षकांना मात्र ते रूक्ष वाटते!)

तथापि या रीतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८चे, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 'माणसं'च्याच वर्षीचे. तेथे भोगणारा आणि सांगणारा एकच आहे, भाषाही त्याचीच. अवचटांकडे कामगार बाईचे बोलणे लेखकाच्या निवडक, सोप्या मराठीतून गाळून येते. त्यांचा 'मी' अल्पभाषी आहे, आपले बाहेरचेपण तो लपवीत नाही. परंतु काय ठेवायचे नि काय वगळायचे हा अधिकार शेवटी त्याच्याचकडे राहतो. मुक्त पत्रकार वृत्तपत्राच्या चाकरीतून सुटतो, या अधिकारातून नव्हे. म्हणून 'माणसं' आणि 'उपरा' एकाच सत्रात, शेजारी ठेवून शिकवावीत.

वनहक्क कायद्यानंतर (२००६) गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करू लागल्या. अशा गावात माप आता कोणाच्या हाती आहे, हे पाहून विद्यार्थ्यांनी आपल्या बोलीत एक रिपोर्ताज लिहावा. प्रात्यक्षिक म्हणून तेवढे पुरे.