पुढच्या चाकांतील ‘खट्’ आवाज : कारणे आणि निदान

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके या जिल्ह्यात आहेत. भातशेती, तलाव आणि वनक्षेत्र ही या भूभागाची ओळख होय. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग देवरीवरून जात असला, तरी महामार्ग सोडून वाहन आडमार्गाला लागले की रस्त्याचे स्वरूप पालटते. बांध्यांच्या कडेने जाणारे अरुंद रस्ते, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे मोऱ्यांवरील भाग आणि जंगलातील कच्च्या वाटा यांवरूनच आरोग्य पथकाची गाडी, गट विकास अधिकाऱ्यांची जीप व शाळेचे वाहन यांना ये-जा करावी लागते.

अशा वाहनांचा चालक एखाद्या दिवशी सांगतो, “साहेब, पुढून आवाज येतो.” बहुधा या वाक्याकडे दुर्लक्ष होते, किंवा गाडी कार्यशाळेत पाठवून अंदाजाने दोन-तीन भाग बदलले जातात. दुर्लक्ष झाल्यास जीविताला धोका संभवतो. अंदाजाने दुरुस्ती केल्यास सार्वजनिक पैसा वाया जातो. या दोन्ही गोष्टी टाळावयाच्या असतील, तर आवाजाचे शास्त्र थोडे समजून घेणे इष्ट ठरेल.

आवाज कसा निर्माण होतो?

चाके आणि वाहनाचा सांगाडा यांना जोडणाऱ्या रचनेस सस्पेन्शन म्हणतात. स्प्रिंग किंवा पाटे वाहनाचे वजन पेलतात व धक्का झेलतात. शॉक ॲब्सॉर्बर स्प्रिंगची हेलकावण्याची क्रिया आवरतो. आर्म चाकाला जागेवर धरून ठेवतात. आर्मच्या एका टोकास रबरी बुश असते, तर दुसऱ्या टोकास बॉल जॉइंट असतो. वळणावर गाडी फार कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार अनेक वाहनांत असतो, आणि तो लहान लिंक रॉडने आर्मला जोडलेला असतो.

हे सर्व सांधे घट्ट असताना आवाज होत नाही. सांधा झिजला की दोन धातूंमध्ये फट पडते. भार एकाच दिशेने असेपर्यंत ती फट एका बाजूला दाबलेली राहते. परंतु भाराची दिशा बदलली की एक भाग दुसऱ्यावर आदळतो आणि ‘खट्’ असा आवाज होतो. म्हणून निदानाचा पाया एका प्रश्नात आहे : कोणत्या क्षणी भाराची दिशा बदलते व आवाज येतो? ब्रेक दाबताना, स्टिअरिंग फिरवताना, एक चाक खड्ड्यात जाताना की दोन्ही चाके एकदम उचलली जाताना?

या भागात झीज लवकर होण्याचे कारणही लक्षात घ्यावे. बॉल जॉइंटवरील रबरी टोपण फाटले की चिखल व पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि बारीक वाळू कुरुंदाप्रमाणे धातू खाऊ लागते. टोपण स्वस्त असते. ते फाटल्यानंतर होणारे नुकसान मात्र महाग पडते.

प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात

सस्पेन्शनवर संशय घेण्यापूर्वी चाकांचे नट तपासावेत. सैल नट हा सर्वांत सोपा, पण सर्वांत घातक दोष आहे. त्यानंतर जॅक, हत्यारांची पेटी, जादा चाक, बंपर व सायलेन्सरचे पट्टे पाहावेत. रुग्णवाहिकेत स्ट्रेचरची कडी आणि ऑक्सिजन सिलिंडरची पकड यांचाही आवाज पुढून आल्यासारखा भासतो. या वस्तू काढून किंवा घट्ट बांधून वाहन पुन्हा त्याच रस्त्यावर नेल्यास पुष्कळदा प्रश्न तेथेच सुटतो.

लक्षणांवरून अंदाज

लहान खाचखळग्यांवर, कमी वेगात सतत ‘टक टक’ होत असल्यास लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझर बारचे बुश पाहावे. ब्रेक दाबताना वा सोडताना एकच जड आवाज येत असल्यास खालच्या आर्मचे बुश संशयास्पद असते. खराब रस्त्यावर ब्रेक हलकेच दाबून ठेवताच आवाज थांबला, तर ब्रेकचे पॅड वा कॅलिपर सैल असण्याचा संभव असतो. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना आवाज आल्यास बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक व शॉक ॲब्सॉर्बरची वरची बैठक तपासावी. मोठ्या खड्ड्यातच आवाज येत असल्यास शॉक ॲब्सॉर्बरचे बोल्ट आणि धक्का थोपविणारे रबर पाहावे.

पुढे अखंड ॲक्सल व पाटे असलेल्या जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये शॅकलचे बुश, यू बोल्ट आणि पाट्यांचा मधला बोल्ट ही तपासणीची ठिकाणे होत. मधला बोल्ट तुटल्यास ॲक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी एका बाजूस ओढू लागते. २००० साली आलेल्या बोलेरोसारख्या वाहनांत पुढील चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. तेथे आर्म, बुश व बॉल जॉइंट यांना अधिक महत्त्व येते.

प्रत्यक्ष तपासणी

वाहन सपाट, कठीण जमिनीवर उभे करून हँडब्रेक ओढावा आणि मागील चाकांना ठोकळे लावावेत. पुढचे चाक जॅकने उचलल्यावर वाहन भक्कम स्टँडवर टेकवावे. केवळ जॅकच्या आधारावर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये.

घड्याळातील १२ आणि ६ या आकड्यांच्या जागी चाक धरून आत-बाहेर हलवावे. ढिलाई जाणवल्यास दुसऱ्या व्यक्तीस ब्रेक दाबण्यास सांगावे. ढिलाई नाहीशी झाली तर दोष व्हील बेअरिंगमध्ये असतो; ती कायम राहिली तर बॉल जॉइंट वा किंग पिन झिजलेली असते. त्यानंतर ३ आणि ९ या जागी धरून चाक हलवावे. येथे ढिलाई आढळल्यास टाय रॉडच्या टोकाकडे लक्ष द्यावे.

बॉल जॉइंटची परीक्षा त्यावरील भार काढल्याशिवाय खरी होत नाही. स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असल्यास आधार त्या आर्मखाली द्यावा, आणि टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचलावे. सांध्यात वरखाली हालचाल दिसल्यास तो बदलण्यास विलंब करू नये. बॉल जॉइंट निखळल्यास चाक आडवे पडते आणि वाहन चालकाच्या ताब्यात राहत नाही.

डोळ्यांनी पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. जेथे धातू धातूवर आदळतो तेथे नवी चकाकी दिसते; सैल बोल्टभोवती तांबूस भुकटी साचते. फाटलेले रबर आणि शॉक ॲब्सॉर्बरवरून ओघळलेले तेल हेही पुरावेच होत.

एक उदाहरण

समजा, देवरीहून चिचगडकडे जाणाऱ्या एका आरोग्य वाहनाच्या डाव्या पुढच्या बाजूने आवाज येतो. महामार्गावर तो येत नाही. कच्च्या रस्त्यावर येतो. कार्यशाळेने दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलले, तरी आवाज कायम राहिला. अशा वेळी गाडी प्रथम गतिरोधकावरून सरळ न्यावी. दोन्ही चाके एकदम वर गेली आणि आवाज आला नाही. नंतर केवळ डावे चाक खड्ड्यातून नेले, तेव्हा आवाज आला. दोन्ही चाके सारखी उचलली गेली असता स्टॅबिलायझर बारला पीळ पडत नाही. एकच चाक उचलले गेल्यास पडतो. म्हणजे संशय लिंक रॉडवर येतो. पडताळा म्हणून दोन्ही लिंक रॉड तात्पुरते सोडवून मोकळ्या, सपाट जागेत गाडी अगदी हळू चालविली आणि लहान उंचवट्यावरही आवाज आला नाही, तर निदान पक्के झाले. एका लहान भागाचा दोष होता. खर्च मात्र दोन मोठ्या भागांवर झाला.

दुरुस्तीनंतर

रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना वाहनाचे वजन चाकांवर असावे. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळल्यास रबरास कायमचा पीळ पडतो व ते लवकर फाटते. काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये. टाय रॉडचे टोक किंवा बॉल जॉइंट बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. पाट्यांचे यू बोल्ट काही दिवसांच्या वापरानंतर पुन्हा आवळावेत. शेवटी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने व तितक्याच भाराने वाहन चालवून खात्री करावी.

जबाबदारी कोणाची?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० अन्वये, माहीत असलेला किंवा साध्या काळजीने कळू शकला असता असा धोकादायक दोष असताना वाहन चालविणारा जसा जबाबदार ठरतो, तसाच ते चालविण्यास लावणारा वा मुभा देणाराही ठरतो. म्हणजेच चालकाने सांगितलेला आवाज ऐकून न ऐकल्यासारखे करणे अधिकाऱ्यासही परवडणारे नाही. तसेच १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. तेवढ्या मर्यादित काळात प्रत्येक वाहनापासून पूर्ण सेवा मिळवावयाची, तर देखभाल वेळेवर झाली पाहिजे.

यासाठी लॉगबुकात “पुढून आवाज” एवढीच नोंद पुरेशी नाही. आवाज कोणत्या बाजूने, कोणत्या रस्त्यावर, किती वेगात, ब्रेक वा स्टिअरिंगच्या कोणत्या क्रियेबरोबर आणि केव्हापासून येतो, या पाच गोष्टी चालकाने लिहाव्यात. अधिकाऱ्याने त्या वाचून वाहन तपासणीस पाठवावे. देयक मंजूर करताना आवाज थांबला की नाही याची नोंद मागावी. पंचायत सदस्यांनाही हाच प्रश्न सभेत विचारता येईल. शिक्षकांना तर घर्षण, तरफ आणि जडत्व हे पाठ्यपुस्तकातील विषय शाळेच्या वाहनाच्या एका चाकावर समजावून देता येतील.

पावसाळ्याच्या रात्री एखाद्या पाड्यावरून प्रसूतीसाठी निघालेली माता ज्या गाडीत बसते, तिच्या चाकाचा सांधा कसा आहे हे तिला ठाऊक नसते. ते पाहण्याचे काम ती गाडी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचे आहे, आणि त्याचा आरंभ चालकाचे म्हणणे नीट ऐकून घेण्यापासून होतो.