माझी तारा

पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुम्ही पाळला होतात ना? मग मी अजगराचं पिल्लू घेतलं तर काय बिघडलं?" त्याला जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

२००५ साली मी फ्लोरिडात, टॅम्पाजवळ नोकरीला होतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका प्रदर्शनातून बर्मीज अजगराचं पिल्लू घरी आणलं. जेमतेम दोन फुटांचं, मनगटावर बांगडीसारखं बसायचं. नाव ठेवलं तारा. मोठी होईल, असं विकणारा म्हणाला होता. किती, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी ती बारा फुटांची झाली. काचेची टाकी गेली, लाकडी पेटी गेली, शेवटी मागची खोलीच तिला द्यावी लागली. उंदरांच्या जागी ससे आले, त्यांच्यासाठी वेगळा फ्रीझर आला. २००८ पासून राज्याने परवाना आणि मायक्रोचिप सक्तीची केली, तीही सोय केली. पण भारतात यायचं म्हटलं की तिला कोण सांभाळणार? ही मादी वीसेक वर्षं जगू शकते, याचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

२००९ चा एप्रिल. फ्रीझरमधला ससा कोमट पाण्यात ठेवला होता. तेवढ्यात ताराचं पाण्याचं भांडं रिकामं दिसलं, म्हणून हात न धुता दार उघडलं. तिची झेप मला दिसलीच नाही. पंजात दात रुतले तेव्हा कळलं. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, हात ओढला की आणखी रुततात. पुढच्याच क्षणी दंडाला दोन वेढे पडले. बोटं लाल झाली, मग जांभळी, मग ती माझी आहेत असं वाटेना. मी बायकोला ओरडून सांगितलं, "शेपटीकडून सोडव!" तिने शेपटीचं टोक धरून एकेक वेढा उलगडला आणि ब्रँडी ताराच्या तोंडात ओतली, तेव्हा कुठे जबडा सुटला. घरात मी एकटाच असतो तर? आणि वेढे दंडाऐवजी गळ्याला पडले असते तर? रक्ताभिसरणच थांबतं, माणसाला हाक मारायलाही अवधी मिळत नाही.

सुटल्यावर तारा कोपऱ्यात जाऊन निवांत बसली. तिला राग आला नव्हता. माझ्या हाताला सशाचा वास होता, एवढंच. चार वर्षं अंगाखांद्यावर खेळवली म्हणून ती मला ओळखते, हा माझा समज होता. कुत्रा माणसाळतो तसा अजगर माणसाळत नाही. फार तर हाताची सवय होते.

तरीही मी तिला ठेवूनच घेतलं, हे कबूल करतो. जुलैत फ्लोरिडातल्याच एका घरात पाळलेला अजगर रात्री टाकीबाहेर आला आणि दोन वर्षांची मुलगी गेली. तो साडेआठ फुटांचाच होता. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

राज्याचं वन्यजीव खातं असे प्राणी दंड न करता स्वीकारतं. तिथे मी तारा सोपवली. कोणी "सोडून दे रानात" म्हणालं तर ऐकू नका. एव्हरग्लेड्समध्ये पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेल्या अजगरांची प्रजा २००० सालापर्यंत पक्की रुजली होती. आज तिथे रॅकून, ओपॉसम शोधावे लागतात.

भारतात तर आपले अजगर पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. बाहेरदेशी माझ्यासारखा कोणी आधीच घेऊन बसला असेल, तर आजच करा: खोलीला कुलूप, पेटीला वेगळं कुलूप. खायला घालताना लांब चिमटा, आधी साबणाने हात. आठ फुटांवरच्या सापाला एकट्याने हात लावायचा नाही, दुसरा माणूस शेजारी उभा हवा, दाराबाहेर नव्हे. आणि घरात लहान मूल असेल, तर कुलपाच्या भरवशावर राहू नका. साप स्वीकारणाऱ्यांना उद्या नव्हे, आत्ताच फोन करा.