वाहनाचा पट्टा : परीक्षण आणि घरच्या घरी बदल

बालाघाटच्या रांगांनी विभागलेल्या धाराशिव जिल्ह्यात लोहमार्ग थोड्याच भागाला स्पर्श करतो. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा या गावांवरून जातो आणि पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग-उमरग्याकडून. उरलेल्या वाड्यावस्त्यांचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध जीप, मोटार आणि ट्रॅक्टर यांच्यावरच अवलंबून आहे. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तरीही भूम-परंड्याकडील एखाद्या वस्तीवर अवेळी प्रसववेदना सुरू झाल्या, की गावातील कोणाची तरी खाजगी गाडी पुष्कळदा बाहेर काढावी लागते. अशा वेळी गाडी बंद पडण्याचे कारण नेहमी मोठेच असते असे नाही. काही शे रुपयांचा रबरी पट्टा तुटला, तरी लाखो रुपयांचे वाहन रस्त्याच्या कडेला उभे राहते. हा पट्टा वेळीच ओळखून बदलता येणे ही फार अवघड विद्या नाही.

पट्ट्याचे कार्य

पिठाची गिरणी किंवा विहिरीवरचे ऑइल इंजिन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पट्टा समजावून सांगण्याची गरज नाही. एका चाकाची गती दुसऱ्या चाकाला देणे, एवढेच त्याचे काम. मोटारीत इंजिनाच्या मुख्य दांड्यावरील पुलीपासून ही गती अल्टरनेटरला मिळते. पूर्वी ज्या जागी डायनॅमो असे, तेथे आता अल्टरनेटर असतो. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये आपल्या व्हॅलियंट मोटारीवर तो बसविला आणि पुढे सर्वत्र तोच रूढ झाला. आपल्याकडील मिस्त्री मात्र आजही त्याला डायनॅमोच म्हणतात आणि पट्ट्याला फॅन बेल्ट. अनेक नव्या गाड्यांत पंखा विजेच्या मोटरवर फिरतो, पट्ट्याचा त्याच्याशी काही संबंध उरलेला नाही. पण नाव चिकटले ते चिकटले.

अल्टरनेटरची पुली मुख्य पुलीपेक्षा लहान असते. त्यामुळे तो इंजिनाच्या दुप्पट ते तिप्पट वेगाने फिरतो, आणि इंजिन मंद चालत असतानाही पुरेशी वीज निर्माण होते. शाळेत पुलींच्या व्यासांचे गुणोत्तर शिकविताना शिक्षकांना यासारखे जिवंत उदाहरण मिळणार नाही. चांगली बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असताना हा आकडा साधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावयास हवा. तो १३ च्या खाली रेंगाळत असेल, तर दोष बॅटरीत शोधण्याआधी पट्टा पाहावा. ढिल्या पट्ट्यापायी चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात, ही नित्याची उधळपट्टी आहे.

झिजेची लक्षणे

पट्टे मुख्यतः दोन प्रकारचे. जुन्या जीप व मोटारींत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पट्टा असतो. नव्या गाड्यांत रुंद, चपटा व आतून उभ्या धारा असलेला पट्टा एकाच वेळी तीनचार पुली फिरवितो. व्ही पट्ट्याची पकड त्याच्या दोन्ही बाजूंवर असते, तळावर नसते. म्हणून पुलीच्या खाचेचा तळ चकचकीत दिसू लागला, तर पट्टा झिजून खाली बसला आहे असे निश्चित समजावे.

सकाळी गाडी सुरू करताना किंवा दिवे लावताच येणारी चीत्कारासारखी किंकाळी ही पहिली सूचना होय. त्यानंतर कडांचे धागे सुटणे, आतील बाजूस आडव्या भेगा पडणे, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होणे ही चिन्हे दिसू लागतात. अलीकडील काही पट्ट्यांचे रबर वेगळ्या घडणीचे असल्याने त्यांना भेगा सहसा पडत नाहीत. त्यांच्या धारांमधील खोबणी मात्र रुंद होत जातात. तेव्हा भेग नाही म्हणून पट्टा चांगला, हा समज सोडून द्यावा. उत्पादक ज्या किलोमीटरांची हमी देतात ती चांगल्या रस्त्यांवरची. ऊस वाहतुकीच्या हंगामात उडणारी धूळ आणि चाळिशी ओलांडणारा उन्हाळा यांत ती पुरी होईलच असे नाही.

गिरणीच्या पट्ट्याला राळ लावण्याची सवय असलेली माणसे मोटारीच्या पट्ट्यालाही राळ, मेण किंवा साबण लावतात. आवाज तेवढ्यापुरता थांबतो, पण धूळ चिकटून पट्टा आणखी लवकर संपतो.

बदलण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा व चावी काढून घ्यावी. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत एकाएकी फिरू लागतो. म्हणून, आणि अल्टरनेटरवरील जाड तारेत सदैव विद्युतप्रवाह असतो म्हणूनही, बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी. सैल बाह्या, उपरणे, अंगठी, हातातले कडे दूर ठेवावे. यानंतर जुना पट्टा कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे, याचे कागदावर चित्र काढावे अथवा भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावे. ही पायरी वगळणाऱ्याचा अर्धा दिवस पुढे वाया जातो.

व्ही पट्ट्याच्या गाडीत अल्टरनेटर दोन ठिकाणी बांधलेला असतो: खाली ज्याभोवती तो कलतो तो बोल्ट, आणि वर लांबट खाचेच्या पट्टीतील ताण देणारा बोल्ट. दोन्ही सैल करावेत, काढून टाकू नयेत. मग अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला, की पट्टा हाताने निघतो. वातानुकूलन यंत्राचा पट्टा बाहेरच्या बाजूस असल्यास तो आधी उतरवावा लागतो. धारांच्या पट्ट्यासाठी बहुधा स्प्रिंगवर चालणारी ताणपुली असते. तिच्यावर पाना लावून ती ताणाविरुद्ध फिरवावी, पट्टा गुळगुळीत पुलीवरून सरकवून काढावा आणि पाना हळूहळू सोडावा. झटक्याने सुटलेला पाना बोटे चेचतो.

पट्टा निघाल्यावर लगेच नवा चढविण्याची घाई करू नये. प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर ऐकू आली किंवा पुली डुलली, तर तिचे बेअरिंग गेलेले आहे, आणि त्यावर नवा पट्टा घालणे व्यर्थ होय. तेल अथवा पाणी गळून पट्टा भिजत असेल, तर ती गळतीही आधी थांबविली पाहिजे.

दुकानात जाताना जुना पट्टा बरोबर न्यावा. त्यावरील आकडे बोलके असतात: ‘६ पीके ११००’ याचा अर्थ सहा धारा आणि ११०० मिलिमीटर लांबी. आकडे पुसले गेले असल्यास दोन्ही पट्टे शेजारी ताणून धरावेत. वापरलेला पट्टा किंचित लांब भरतो, हे ध्यानात ठेवावे. नवा पट्टा पेचकसाने उचकटून पुलीवर चढविल्यास आतील दोरे तुटतात.

व्ही पट्टा बसविल्यावर अल्टरनेटरच्या मजबूत भागाला लाकडी दांड्याचा आधार देऊन तो बाहेर ढकलावा व आधी वरचा, मग खालचा बोल्ट आवळावा. दोन पुलींमधील सर्वांत लांब टप्प्यावर अंगठ्याने जोरात दाबले असता पट्टा सुमारे १० मिलिमीटर दबावा. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच ग्राह्य मानावा. फार घट्ट ताणणे हा उत्साही हातांचा नेहमीचा दोष. त्याने अल्टरनेटरचे आणि पाण्याच्या पंपाचे बेअरिंग खराब होते, आणि तो खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट असतो. धारांच्या पट्ट्याची प्रत्येक धार आपापल्या खोबणीत बसली आहे, हे बॅटरी जोडण्यापूर्वी बोट फिरवून पाहावे. नवा व्ही पट्टा आरंभी थोडा सैलावतो. दोनतीनशे किलोमीटरनंतर त्याचा ताण पुन्हा तपासावा.

हे सर्व बाहेरच्या पट्ट्याविषयी झाले. इंजिनाच्या आवरणाआड असलेला टायमिंग बेल्ट वेगळा. एक दाताही चुकला तर इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकू शकतात. त्याला घरी हात लावू नये.

रस्त्यात पट्टा तुटल्यास

बॅटरीचा तांबडा दिवा लागतो. त्याबरोबर तापमानाचा काटाही चढू लागला, तर पाण्याचा पंप याच पट्ट्यावर आहे असे समजून तत्काळ थांबावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार इंजिनाच्या मुळावर येतो. पंप टायमिंग बेल्टवर असेल, तर केवळ बॅटरीच्या बळावर काही अंतर जाता येते. दिवसा वातानुकूलन, पंखा, रेडिओ बंद ठेवावेत. रात्रीचा हिशेब निराळा: समोरचे ५५ वॅटचे दोन दिवेच सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतात, इंधनपंप व इतर यंत्रणा वेगळी. ३५ अँपिअर-तासांची जुनी बॅटरी त्यापुढे तासभर टिकली तरी पुष्कळ. दोरी किंवा सुतळी गुंडाळून गाडी नेल्याच्या गोष्टी जुने चालक रंगवून सांगतात. धारांच्या पट्ट्याच्या गाडीत त्यांचा उपयोग नाही.

पंचायत समिती अथवा आरोग्य केंद्राच्या वाहनावर चालक वारंवार बदलत असतील, तेथे पट्टा कधी बसविला, किती किलोमीटरला बसविला आणि त्याचा क्रमांक काय, याची नोंद लॉगबुकच्या पहिल्या पानावर असावी. उतरविलेला पट्टा तुटण्याआधीच बदललेला असेल तर तो फेकू नये. त्यावर खडूने तारीख घालून, योग्य मापाच्या पान्यासह, जादा चाकाशेजारी ठेवावा.