कसर लागण्याआधी

एप्रिल संपता संपता न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरात, बीव्हरकिल नदीवर, हेंड्रिक्सन नावाच्या माशा पाण्यातून वर येतात. पंख वाळेपर्यंत त्या प्रवाहावर तरंगत राहतात आणि त्यांना टिपायला ट्राउट मासे वर येतात. ते मोजके दिवस गाठता यावेत म्हणून मी हिवाळाभर घरी बसून त्या माशीच्या प्रतिकृती बांधते. बारीक गळ, त्यावर दोरा, कोल्ह्याची मऊ लव आणि कोंबड्याच्या मानेचं राखाडी पीस. याला फ्लाय टाइंग म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका रविवारी मी तळघरातला खण उघडला. राखाडी केपचं पाकीट बाहेर काढलं. केप म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट वाळवलेलं कातडं. पाकीट उघडताच पिसं बुडापासून तुटून माझ्या मांडीवर पडली. पाकिटाच्या तळाशी वाळूसारखी बारीक भुकटी होती आणि तांबूस, केसाळ, पोकळ अशी सालपटं होती. हरणाच्या केसांच्या तुकड्याला हात लावला तर केसांचा झुबकाच्या झुबका सुटून आला. संध्याकाळपर्यंत मी चार केप, सशाची दोन कातडी आणि हरणाचे सगळे केस फेकून दिले. एकेक चांगली केप शंभर डॉलरच्या आसपास पडते. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की त्यातली एक केप मी पहिल्यांदा माशी बांधायला शिकले तेव्हाची होती.

मी मूळची ठाण्याची; न्यू जर्सीत येऊन एकोणीस वर्षं झाली. त्या रात्री आईला फोन केला. तिला ट्राउट माहीत नाही, पण कसर माहीत आहे. ती म्हणाली, “अगं, पैठणी कपाटात ठेवली म्हणजे सांभाळली असं होत नाही. वर्षातून दोनदा उलगडून घडी बदलावी लागते.” पुढे जे सांगणार आहे त्याचं सार याच वाक्यात आहे. घरात पिसं, कातडं, लोकर, शाली किंवा जुन्या साड्या जपणाऱ्या प्रत्येकाला ते लागू पडतं.

शत्रू कोण, हे आधी ओळखा

पिसं, केस आणि लोकर हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. फार थोड्या किड्यांना ते पचतं. घरात त्यातले दोन हमखास सापडतात. एक कपड्यांवरचा सोनेरी पतंग, ज्याला आपण कसर म्हणतो. दुसरा कार्पेट बीटल नावाचा दोन-तीन मिलिमीटरचा ठिपकेदार भुंगेरा. नुकसान दोघांच्याही अळ्या करतात. पतंग मोठा झाल्यावर काही खातच नाही, आणि मोठा भुंगेरा फुलांचे परागकण खातो. म्हणून वसंतात खिडकीच्या काचेवर असे भुंगेरे दिसले तर त्यांना निरुपद्रवी समजू नका. ते बाहेर जायला निघालेत, म्हणजे त्यांच्या अळ्यांनी घरात आधीच काही खाल्लेलं असू शकतं.

या अळ्यांना अंधार, शांतता आणि कुणाचा हात न लागणं आवडतं. पिसांच्या खणात या तिन्ही गोष्टी असतात. थंडी असेल किंवा खायला कमी असेल तर अळी महिनोन्‌महिने तशीच राहते. त्यामुळे एकदा साफ केलं म्हणजे संपलं, असं होत नाही.

नवीन आलेलं थेट आत नको

माझ्याकडे कसर कुठून आली हे नंतर उमगलं. आदल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी मासेमारी सोडली आणि माळ्यावर वर्षानुवर्षं पडून असलेला सामानाचा मोठा खोका मला प्रेमाने दिला. मी तो त्याच संध्याकाळी उघडला आणि सगळं माझ्या खणात लावून टाकलं. चूक त्यांची नव्हती. तपासण्याचं काम माझं होतं आणि माझ्या काळजीत कसर राहिली.

आता माझा नियम असा आहे : प्राण्या-पक्ष्यापासून आलेली कुठलीही वस्तू, मग ती दुकानातली असो, भेट मिळालेली असो किंवा मित्राकडून अदलाबदलीत आलेली असो, आधी फ्रीझरमध्ये जाते. जाड झिपलॉक पिशवीत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बंद करून. घरगुती डीप फ्रीझर साधारण उणे 18 अंश सेल्सियसला चालतो; तिथे ती पूर्ण दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आतल्या थंड पिसांवर पाणी धरतं आणि बुरशी येते. जुन्या किंवा संशयास्पद मालाला मी ही फेरी दोनदा देते, मध्ये काही दिवस सोडून. अंडी थंडीला जास्त टिकतात. पहिल्या फेरीत वाचलेल्या अंड्यांतून अळ्या बाहेर आल्या तर दुसऱ्या फेरीत त्या मरतात.

कातडं मळकट, तेलकट असेल तर आधी कोमट पाण्यात सौम्य साबण घालून हलक्या हाताने धुवा, कागदावर दाबून पाणी काढा आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवा. उन्हात नको, रंग उडतो. ओलसर कातडं मात्र कधीही पिशवीत घालू नका.

एक इशारा फार महत्त्वाचा : फार जुनी, पेंढा भरून जतन केलेली पक्ष्यांची कातडी वारशाने आली तर ती धुऊ नका, उघड्या हाताने कुरवाळू नका. पूर्वी अशा कातड्यांना किडीपासून वाचवायला सोमल, म्हणजे आर्सेनिक, लावत असत. ते विष आजही तिथेच असतं.

डांबरगोळ्यांची चूक

नुकसान झाल्यावर घाबरून मी प्रत्येक खणात डांबरगोळ्या टाकल्या. त्याने तीन गोष्टी झाल्या. तळघरात बसणं अशक्य झालं, लेकीचं डोकं दुखायला लागलं, आणि स्वस्तातल्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्या गोळ्यांच्या वाफेने मऊ पडून चिकट झाल्या. अळ्या मात्र होत्या तिथेच होत्या. डांबरगोळीची वाफ बंद, हवाबंद जागेत पुरेशी साठली तरच किडा मरतो. फटी असलेल्या खणात ती फक्त तुमच्या फुफ्फुसात जाते. युरोपीय संघात नॅप्थालिनच्या गोळ्या 2008 पासून विकल्या जात नाहीत. ज्यांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते त्यांच्या, विशेषतः तान्ह्या बाळांच्या, तांबड्या रक्तपेशी नॅप्थालिनने फुटू शकतात. घरात बाळ असेल तर हा मार्ग सोडूनच द्या.

देवदाराचे तुकडे, वेखंड, कडुनिंबाचा वाळका पाला ठेवायला हरकत नाही. पण त्यांचा वास उडतो आणि आत शिरलेली अळी त्यांनी मरत नाही. त्यांच्यावर विसंबून तपासणी टाळू नका.

काय कशात ठेवावं

बाजारात सुंदर कपाटं, फिरते स्टँड, शंभर खणांच्या पेट्या मिळतात. मीही एक घेतली होती. सुबक दिसतं ते सुरक्षित असतंच असं नाही. आता मी सामानाचे चार भाग करते.

पहिला भाग प्राणी-पक्ष्यांपासून आलेला : पिसं, केस, लव, कातडं, आणि त्यांच्यासोबत लोकर व रेशीमही, कारण कसर त्यांनाही सोडत नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या झिपलॉक पिशवीत, आणि अशा पिशव्या रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. एका पिशवीत कीड लागली तर ती शेजारच्या पिशवीत जाऊ नये, एवढ्यासाठी हा दुहेरी बंदोबस्त. केप पुठ्ठ्यावर सपाट ठेवा. दुमडलेलं पीस गळाला नीट गुंडाळलं जात नाही. मोरपिसाचे तंतू उजेडात ठिसूळ होतात, ते अंधारात ठेवा.

दुसरा भाग कृत्रिम : चमकीचे धागे, फोम, सिंथेटिक लव. याला कीड लागत नाही, म्हणून उघड्या खणात चालतं. रबराचे पाय मात्र प्लास्टिकच्या डबीला चिकटून वितळतात. ते कागदी पाकिटात ठेवा.

तिसरा भाग धातूचा. गळांचा शत्रू दमट हवा. न्यू जर्सीची तळघरं उन्हाळ्यात ओली होतात, मुंबई-कोकणातली घरं पावसाळ्यात. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि नदीवरून आणलेले ओले गळ कधीही त्यात टाकू नका. आकाराचा आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. 14 आणि 16 एकदा मिसळले की वेगळे करण्यात संध्याकाळ जाते. शिशाची तार असेल तर ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि हाताळून झाल्यावर हात धुवा.

चौथा भाग पातळ पदार्थांचा : लाख, चिकटद्रव्यं, अतिनील किरणांनी घट्ट होणारं रेझिन. रेझिन अंधारात ठेवा, खिडकीजवळ ते बाटलीतच घट्ट होतं. लाखेतले द्रावक पेटतात. ते शेगडी आणि हीटरपासून दूर.

चिठ्ठी

प्रत्येक पिशवीत आता एक चिठ्ठी असते : काय आहे, कुठून आलं, कधी आलं, फ्रीझरमध्ये कधी ठेवलं. चिठ्ठीची किंमत मला एका वाईट गोष्टीतून कळली. जून 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. चोर माशा बांधणाराच होता. बरीच कातडी परत मिळाली, पण अनेकांच्या पायांवरच्या चिठ्ठ्या कापलेल्या होत्या. कुठे, कधी, कोणी गोळा केलं हे हरवल्यावर ती कातडी अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी झाली.

कायद्यासाठीही चिठ्ठी हवी. अमेरिकेत 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने बहुतेक देशी पक्ष्यांचं अंगणात पडलेलं पीससुद्धा घरात ठेवता येत नाही. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची, मेणाच्या थेंबांसारखे ठिपके असलेली पिसं सॅमन पकडायला बांधलेल्या जुन्या धाटणीच्या प्रतिकृतींत फार मानाची. पण आपला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, आणि ती पिसं फक्त पाळीव पैदाशीची, कागदपत्रांसह, घेता येतात. गावाहून मोरपीस बॅगेत टाकून आणायचा मोह मलाही झाला होता. भारतातून मोरपिसं बाहेर न्यायला परवानगी नाही. तो मोह टाळा.

महिन्याची फेरी

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पांढरा कागद पसरते, प्रत्येक पिशवी त्यावर झटकते आणि कागद पाहते. भुकटी, सालपट, जाळीचा धागा, सुटलेला केस यांपैकी काहीही दिसलं तर ती पिशवी तशीच बंद करून फ्रीझरमध्ये जाते आणि खण व्हॅक्यूमने, कानाकोपऱ्यासकट, साफ होतो. अर्धा तास लागतो. फार नुकसान झालेली वस्तू वाचवायच्या मागे लागू नका. ती बाहेरच्या कचऱ्यात टाका.

याच फेरीत मी येत्या महिन्यात बांधायच्या माशांचं सामान एका पिशवीत काढून ठेवते. जे सामान हाताखालून जातं त्याला कसर लागत नाही. जे वर्षानुवर्षं पुढच्या वेळेसाठी म्हणून दडलेलं असतं, तेच आधी जातं. म्हणून गरजेपेक्षा जास्त विकत घेऊ नका, आणि जे वापरणार नाही ते वेळीच नवशिक्याला द्या. देताना आधी फ्रीझरची फेरी पूर्ण करून, चिठ्ठी लावून द्या.

गेल्या तीन वर्षांत माझा एकही केस कसरीने गेला नाही. तुमच्या घरात बऱ्याच दिवसांत न उघडलेला पिसांचा, शालींचा किंवा साड्यांचा एखादा डबा असेल, तर तो आजच उघडून बघा.