मचूळ पाणी आणि सूर्याची भट्टी

कोल्हापूर जिल्ह्यात पाण्याची वाण आहे असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला ते सहसा पटणार नाही. शिरोळ तालुक्यात तर कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचे पाणी खेळते. पण याच तालुक्यात अशा विहिरी आहेत की ज्यांचे पाणी तोंडात घेताच मचूळ लागते. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नदीकाठी राहूनही घशाला गोड पाणी मिळू नये, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

मचूळ पाण्यावर नेहमीचे घरगुती उपाय चालत नाहीत. फडक्याने गाळल्यास कचरा जातो, तुरटी फिरवल्यास गाळ खाली बसतो, उकळल्यास रोगजंतू मरतात. परंतु विरघळलेले क्षार जागच्या जागी राहतात. उलट, उकळताना थोडे पाणी वाफ होऊन गेल्यामुळे उरलेले पाणी किंचित अधिकच खारट होते. क्षार काढायचे तर पाण्यातून क्षार वेगळे करण्याऐवजी क्षारांतून पाणीच वेगळे काढावे लागते. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. बॅटरीत घालायचे 'डिस्टिल्ड वॉटर' याच मार्गाने मिळू शकते. हे काम चुलीऐवजी उन्हावर करणारी पेटी म्हणजे सौर ऊर्ध्वपातक.

ही कल्पना नवी नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात लास सालिनास येथे चार्ल्स विल्सन या अभियंत्याने १८७२ साली काचेच्या छपरांखाली खारट पाण्याची उथळ पात्रे मांडली. सोरा काढणाऱ्या खाणींना आणि तेथील खेचरांना त्यांतून रोज वीस हजार लिटरांहून अधिक गोडे पाणी मिळत असे. आपल्या देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९७८ मध्ये जवळच्या अवानिया गावी रोज सुमारे ५,००० लिटर क्षमतेचा असा प्रकल्प उभारला. आपल्या राज्यात अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीचा खारपाणपट्टा आणि शिरोळची क्षारपड गावे यांचा प्रश्न याच जातीचा आहे.

पेटी कशी करावी?

आतून १ मीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद अशी लाकडी पेटी घ्यावी. पुढची भिंत १० सेंटिमीटर आणि मागची २८ सेंटिमीटर उंच ठेवावी. त्यामुळे वरच्या काचेला सुमारे १७ अंशांचा उतार मिळतो. कोल्हापूरचे अक्षांशही जवळजवळ तितकेच आहेत. पेटीची बुटकी बाजू दक्षिणेला ठेवावी.

तळाला पाच सेंटिमीटर जाडीचा लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस पसरून त्यावर स्वयंपाकघरातील ओट्याला वापरतात ती काळी कडप्पा फरशी बसवावी. काळा रंग ऊन शोषतो आणि भुसा उष्णता खाली जाऊ देत नाही. फरशीच्या कडा सिमेंटने बांधून उथळ पात्र तयार करावे. पुढच्या भिंतीच्या आतल्या अंगाला, काचेच्या लगेच खाली, स्टेनलेस स्टीलची अरुंद पन्हळ एका बाजूस थोडा उतार देऊन बसवावी. तिच्या टोकाशी नळी जोडून ती बाहेरच्या झाकलेल्या बाटलीत सोडावी. वर चार मिलिमीटर जाडीची साधी काच ठेवून सर्व फटी सिलिकॉनने बंद कराव्यात. काचेऐवजी प्लॅस्टिकचा कागद लावण्याचा मोह होतो. परंतु काचेवर पाण्याचा पातळ थर होऊन तो खाली ओघळतो, तर प्लॅस्टिकवर थेंब धरतात आणि पुष्कळसे परत पात्रातच पडतात.

पात्रात दोन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १२ लिटर पाणी भरावे. थर जाड केला तर पाणी तापायलाच दुपार होते. पहिल्या तीन-चार दिवसांचे पाणी पिऊ नये. त्याला नव्या सामानाचा वास असतो. पुढे दर दोन-तीन दिवसांनी पात्रातील खारट पाणी काढून टाकून पात्र धुवावे. हे न केल्यास फरशीवर पांढरा थर धरतो आणि तो ऊन परतवू लागतो.

पाणी किती मिळेल?

येथे थोडा हिशेब करू. एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट उष्णता लागते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावर असते तेच. उन्हाळ्यातील निरभ्र दिवशी एक चौरस मीटर जागेवर सुमारे सहा युनिट ऊन पडते. म्हणजे आठ लिटरांवर पाणी मिळायला हवे. प्रत्यक्षात तीन लिटरांच्या आसपास मिळते. उरलेले ऊन काच परतवते, काही उष्णता भिंतींतून आणि तापलेल्या काचेतून हवेत जाते. आपल्या पेटीचे क्षेत्र ०.६ चौरस मीटर. तेव्हा दिवसाला दीड ते दोन लिटर. एका माणसाच्या पिण्यापुरतेही ते जेमतेम आहे. चार माणसांच्या घराला अशा पाच-सहा पेट्या लागतील.

मर्यादाही नीट समजून घेतल्या पाहिजेत. या पेटीत क्षार, फ्लोराइड, गाळ आणि रोगजंतू मागे राहतात. पण पाण्याबरोबर वाफ होणारी काही रसायने पलीकडेही जाऊ शकतात. म्हणून कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले पाणी यात घालून ते निर्धास्तपणे पिऊ नये. दुसरे असे की, पावसाळ्यात पेटीचा फारसा उपयोग नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रे बुडाल्याने कोल्हापूर शहराचे नळ कित्येक दिवस कोरडे होते. अशा वेळी आभाळ भरलेले असते. तेथे पाणी उकळणे किंवा क्लोरीनचे थेंब टाकणे हेच खरे उपाय. सौर पेटी ही उन्हाळ्याची आणि मचूळ विहिरीची सोबतीण आहे.

मग एवढ्याशा पाण्यासाठी हा खटाटोप का करावा? कारण ही पेटी आपल्याला शिरोळच्या रानाची गोष्ट समजावून सांगते. काळ्या, कमी निचऱ्याच्या जमिनीत उसाला वारेमाप पाणी पाजले की जमिनीखालची पाणीपातळी वर येते. ऊन त्या पाण्याची वाफ करते, क्षार मात्र वरच्या थरात राहतात. पेटीतल्या फरशीवर जसा पांढरा थर धरतो, तसाच तो रानावर फुटतो. शेत हेही एक उथळ पात्रच झाले. फरक इतकाच की हे पात्र कोणी धुतले नाही. काही क्षार झिरपून विहिरीत उतरतात. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, शिरोळला साधारण पाचशे. म्हणजे जमीन धुऊन काढायला तेथे पाऊसही अपुरा पडतो. जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालून निचरा करणे म्हणजे हे पात्र धुणे होय. शिरोळ तालुक्यात काही शेतकऱ्यांनी त्या मार्गाने क्षारपड रान पुन्हा लागवडीखाली आणले आहे.

समुद्राच्या पाण्याची वाफ करून ते सह्याद्रीवर गोडे करून ओतण्याचे काम निसर्ग दरवर्षी आपल्यासाठी विनामूल्य करतो. त्यातील एक लिटर स्वतः तयार करायचे तर दिवसभराचे ऊन, काच, फरशी आणि धीर लागतो. एखाद्या सुट्टीत चार मित्रांनी मिळून ही पेटी अवश्य करून पाहावी. संध्याकाळी बाटलीत साठलेले पाणी मोजल्यावर उसाच्या सरीत मोकाट सोडलेल्या पाण्याची किंमत निराळ्या रीतीने कळते. गोडे पाणी मचूळ होऊ न देणे हे मचूळ पाणी गोडे करण्यापेक्षा किती तरी स्वस्त आहे.