डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला नोकरी कोण देणार?

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता बंगळुरूत स्थायिक आहोत. मुलगा नववीत आहे. त्याला डिस्लेक्सिया असल्याचं पाचवीत कळलं. तोंडी सगळं येतं, बिघडलेला मिक्सर उघडून दुरुस्त करतो. पण इंग्रजीचं एक पान वाचताना रडकुंडीला येतो. इथे शेजारीपाजारी सगळे आयटीत. आमच्या मुलाला नोकरी कोण देणार?
— एक आई, व्हाइटफील्ड

उत्तर : नोकरी मिळते, आयटीतही मिळते. अशी मुलं बहुतेक वेळा अडतात ती कामाच्या दारातच. कॅम्पस भरतीची पहिली फेरी सहसा घड्याळ लावून घेतलेल्या ॲप्टिट्यूड टेस्टची असते. त्यात इंग्रजी उतारे भराभर वाचावे लागतात. तर्क आणि गणित उत्तम असूनही संथ वाचणारा तिथेच गळतो. आत गेल्यावर मात्र प्रोग्रॅममधल्या बऱ्याच स्पेलिंगच्या चुका कंपायलरच दाखवतो आणि लांबलचक मजकूर संगणक वाचून ऐकवतो.

या दारासाठीच कायदा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने (तो एप्रिल 2017 पासून लागू झाला) अध्ययन अक्षमतेला (डिस्लेक्सिया त्यातच येतो) दिव्यांगत्वाच्या यादीत जागा दिली. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीलाही दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार हे आपल्या समान संधी धोरणात सांगावं लागतं. म्हणून परीक्षेच्या आधीच एचआरकडे वाढीव वेळ लेखी मागायचा. सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे, पण अध्ययन अक्षमतेच्या वाट्याचा 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यात वाटलेला आहे. त्याच्या भरवशावर आयुष्याचा बेत आखू नका. उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण जास्त कामी येईल. आरक्षणासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

प्रमाणपत्राच्या बाबतीत तुमचं शहर भाग्यवान आहे. देशभर ज्या चाचणीवर ही तपासणी होते ती तुमच्याच शहरातल्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तयार झाली. केंद्राच्या 2018 च्या सूचनांनुसार आठव्या वर्षी पहिलं प्रमाणपत्र, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी. अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं. ही चाचणी मुलांसाठी बेतलेली आहे, त्यामुळे नोकरीला लागताना पाहू म्हणणाऱ्यांची फार ओढाताण होते.

कागद असूनही हक्क डावलला जाऊ शकतो, हेही सांगायला हवं. डिसग्राफिया (लिहिण्यातली अक्षमता) असलेल्या एका विद्यार्थिनीला 2021 च्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत मुंबईच्या केंद्रावर वाढीव तास मिळाला नाही. तिच्यावर अन्याय झाला हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, परीक्षा पुन्हा घ्यायला मात्र नकार दिला. तेव्हा केंद्रावर जाऊन भांडण्यापेक्षा मंजुरीचं पत्र आधी हातात घ्या.

शाळेचं आणखी एक. घरी मराठी, शाळेत कन्नड, हिंदी, इंग्रजी, म्हणजे डोळ्यांपुढे तीन लिप्या! देवनागरीत किंवा कन्नडमध्ये अक्षराचा उच्चार बहुतेक ठरलेला असतो, इंग्रजी स्पेलिंग मात्र या मुलांचा जीव घेतं. बोर्डाच्या नियमांत एखादी भाषा सोडण्याची सवलत असते. ती घेण्यात कमीपणा मुळीच नाही. वाचलेली ताकद त्याला गणित-विज्ञानाला लावू द्या.

आता मिक्सरबद्दल, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. हाताने उलगडून समजून घेण्याची ही आवड इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आयटीआय, वस्तूंचं डिझाइन अशा वाटांनी पोटापाण्याला लावता येते. 2017 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले स्वित्झर्लंडचे जाक दुबोशे डिस्लेक्सियाग्रस्तच. त्यांच्याबद्दल मुलाला जरूर सांगा, पण प्रत्येक डिस्लेक्सियाआड अलौकिक प्रतिभा दडलेली असते हा समज त्याच्या डोक्यावर लादू नका. तो चांगला तंत्रज्ञ झाला तरी ते भरभरून जगणंच आहे. पुढे नोकरीच्या वेळी एनेबल इंडियाकडे जा. दिव्यांगांच्या रोजगारासाठी ही संस्था 1999 पासून तुमच्याच शहरात काम करते आहे.

चौदाव्या वर्षाची तपासणी राहिली असेल, तर दहावीचा फॉर्म भरण्याआधी ती करून घ्या.